ऐकून घेण्याची अवजारे

या पुस्तकातला पहिला धडा मी गुरुग्राममध्ये, कागदाच्या रिमांनी भरलेल्या एका खोलीत शिकलो. साल २००६. शहराला तेव्हा सगळे गुडगावच म्हणत. गुरुग्राम हे नाव कागदोपत्री आले ते २०१६ मध्ये. ज्या कंपनीत मी अंतर्गत संवादाचे काम पाहत होतो तिची इमारत सगळी काचेची, आणि काचेच्या खोलीत बोललेला शब्द भिंतीवर आपटून माघारी येतो. म्हणून स्टेशनरीची खोली. रिमांच्या थप्प्या आवाज गिळत. उरलासुरला घुमारा मारायला दोन रजया दोरीवर टांगल्या, टेबलावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर साधा माइक. सगळे जुळून येई आणि नेमकी लाइट जाई. इमारतीमागचा जनरेटर सुरू झाला की त्याची घरघर रिमा, रजया, टॉवेल कशालाच न जुमानता थेट माइकात उतरे.

ती काढायला ऑडॅसिटी होते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी घडवलेले हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर २००० मध्ये लोकांच्या हाती आले, तेही फुकट. त्यात आधी नुसत्या घरघरीचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअरला तो आवाज ओळखून ठेवायला सांगायचे आणि मग सबंध ध्वनिमुद्रणातून तो वजा करायचा. हात जरा जड झाला की बोलणारा माणूस पाण्याखालून बोलतोय असे वाटू लागे. किती घरघर राहू द्यायची हे शेवटी कानानेच ठरवावे लागे. मी घरघर राहू देऊ लागलो. माणसाचा आवाज शाबूत राहिला पाहिजे, हे तेव्हा जे मनात बसले ते आजतागायत.

हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे संस्थेत लोकांना काही कळवण्याचे काम असते. कंपनीतला जनसंपर्क विभाग, बँकेची गृहपत्रिका काढणारे, दूध संघात सभासदांना परिपत्रके पाठवणारे, कारखान्यात फलक लिहिणारे, सगळे. विषय आहे ब्लॉग आणि पॉडकास्ट यांची सुरुवातीची साधने, साधारण १९९९ ते २००९ या दहा वर्षांतली. इतकी जुनी साधने आज का पाहायची, हे मला अनेकांनी विचारले. त्या साधनांचे सांधे उघडे होते, हे माझे उत्तर आहे. कोणता धागा कुठे बांधला आहे, बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे काय जाते आणि उलट दिशेने काय येते, हे डोळ्यांना दिसत असे. आजच्या चकचकीत ॲपमध्ये ते सारे आवरणाखाली गेले आहे. ज्याने सायकलची चेन स्वतः बसवली आहे त्याला मोटारसायकलचा बिघाडही लवकर कळतो.

मराठी माणसाला या विषयाची तोंडओळख अमेरिकेतून करून घ्यायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला. लोखंडी नांगर आणि उसाचे चरक तिथे घडत. १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नावाप्रमाणे ती कारखान्याची खबर होती: कंपनीचे मुखपत्र, आजच्या भाषेत कॉर्पोरेट कम्युनिकेशन. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्राचे मासिक झाले. त्यात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले, १९३० मध्ये जोडीला ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्याने काढलेले पत्रक घराघरांत वाचले जाऊ लागले, कारण काढणाऱ्याने वाचणाऱ्याच्या आयुष्यात काय चालले आहे तिकडे लक्ष दिले. माझे आजोळ त्याच भागातले. लोखंडी नांगर आणि मासिक एकाच आवारातून बाहेर पडत, हे मला लहानपणी अगदी स्वाभाविक वाटे. दोन्ही अवजारेच.

आता ब्लॉगकडे. ऑगस्ट १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ब्लॉगर सुरू केले. २००३ मध्ये ते गूगलने घेतले. मूव्हेबल टाइप २००१ चे. वर्डप्रेस २००३ चे, मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी२ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवरून बेतलेले. या तिन्हींनी एकच गोष्ट केली. त्याआधी संकेतस्थळावर चार ओळी घालायच्या तर आयटी विभागाला विनंतीअर्ज करून आठवडाभर थांबावे लागे. आता ज्याला सांगायचे आहे त्यानेच खिडकी उघडावी, लिहावे, बटण दाबावे. नवी नोंद वर, जुनी खाली, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता. मराठीत त्याला कोणी अनुदिनी म्हटले, कोणी जालनिशी. मला जालनिशी आवडते, रोजनिशीचा घरगुतीपणा त्यात आहे. पण लोकांच्या तोंडी ब्लॉगच बसला, म्हणून या पुस्तकातही तोच आहे.

एक तपशील मात्र नीट लक्षात घ्यावा. ब्लॉगरमध्ये वाचकाने प्रतिक्रिया देण्याची स्वतःची सोय आली ती मे २००४ मध्ये. तोवर पावणेपाच वर्षे गेली होती! मधल्या काळात लोक दुसऱ्याच कोणाच्या सेवेतून प्रतिक्रियांची पेटी आणून आपल्या पानाला जोडत. मूव्हेबल टाइपवाल्यांनी २००२ मध्ये ट्रॅकबॅक काढले: तुमच्या नोंदीबद्दल मी माझ्या ब्लॉगवर लिहिले की तुमच्या पानावर त्याची वर्दी पोचे. तीही सोय पुढे जाहिरातबाजांनी बुजवून टाकली. बोलायची सोय आधी आणि ऐकायची नंतर, तीही ठिगळ लावून, हा क्रम या सगळ्या साधनांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. संस्थांनी तर तो आणखी पक्का केला. माझे सबंध पुस्तक या क्रमाविरुद्ध आहे.

मी स्वतः तो क्रम पाळण्यात हातभार लावला आहे. एका कंपनीत प्रमुखांचा ब्लॉग सुरू करायचे ठरले. मजकूर मी लिहिला. तो सात जणांच्या टेबलांवरून फिरला आणि अकराव्या दिवशी प्रसिद्ध झाला, तोवर त्यातले प्रत्येक वाक्य परिपत्रकासारखे झाले होते. खाली पहिली प्रतिक्रिया आली ती रात्रपाळीच्या जेवणाबद्दल. अगदी सभ्य भाषेत विचारले होते की दोन वाजता भात गार का मिळतो. वरून निरोप आला, प्रतिक्रिया काढा. मी काढली. नंतर आम्ही वर्षभर नोंदी घातल्या, पण त्याखाली कोणी एक अक्षर लिहिले नाही. भाताचा प्रश्न विचारणारा माणूस कोण होता, हे मला माहीत होते. लिफ्टमध्ये भेटला की तो नजर वळवी. त्याला मी तेव्हाच जाऊन भेटायला हवे होते.

त्याच काळात बाहेर काय चालले होते पाहा. सन मायक्रोसिस्टिम्सचे जोनाथन श्वार्ट्झ २००४ पासून स्वतः ब्लॉग लिहीत होते. जनरल मोटर्सचे बॉब लुट्झ जानेवारी २००५ मध्ये फास्टलेन या ब्लॉगवर आले. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉबर्ट स्कोबल कंपनीत बसून कंपनीवरच टीका करत, आणि लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत ते त्यामुळेच. आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या पीटर ग्रिफिन, दीना मेहता, रोहित गुप्ता यांनी जगभरच्या स्वयंसेवकांना जोडून ब्लॉगरच्या फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर मदतकार्याची माहिती उभी केली. कोणाला काय हवे, कोण काय देऊ शकतो, एकाखाली एक. पुढे मुंबईच्या संकटांतही हीच पद्धत कामी आली. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा ‘मुंबई हेल्प’ या ब्लॉगवर नातेवाइकांचा शोध चालू होता. आणि त्याच आठवड्यात सरकारने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश दिला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना एकेक पान रोखता आले नाही म्हणून त्यांनी सबंध ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकले. काही दिवसांनी ते उघडले. पण फुकटच्या जागेवर संस्थेचा सगळा संसार मांडू नये आणि आपल्या नोंदींची प्रत आपल्याकडे असावी, हा सल्ला मी तेव्हापासून प्रत्येकाला देत आलो आहे.

आणखी एक प्रकरण संवादकांनी विसरू नये असे आहे. २००५ मध्ये गौरव सबनीस या आयबीएममध्ये नोकरीला असलेल्या मराठी तरुणाने, एका व्यवस्थापन संस्थेच्या जाहिरातींतले दावे तपासणाऱ्या ‘जॅम’ मासिकातील लेखाचा दुवा आपल्या ब्लॉगवर दिला. संस्थेची नोटीस आली. संस्थेचे विद्यार्थी आयबीएमचे लॅपटॉप जाळतील, असा दबाव कंपनीपर्यंत पोचला. आपल्या लिहिण्याची झळ मालकाला लागू नये म्हणून सबनीसांनी राजीनामा दिला. लिहिलेले मात्र मागे घेतले नाही. त्या ऑक्टोबरात गुडगावच्या कितीतरी कचेऱ्यांत पहिल्यांदा प्रश्न पडला की आपल्या माणसाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेळात लिहिले तर आपण कोणाच्या बाजूने उभे राहणार. मी विचारले तेव्हा उत्तर कोणाजवळ नव्हते.

पॉडकास्टची जन्मकथा मला फार प्रिय आहे, कारण ती एवढ्याशा टॅगची कथा आहे. आरएसएस म्हणजे ब्लॉगवर नवे काय आले हे यंत्राला वाचता येईल अशा रीतीने मांडलेली यादी; वाचकाने एकदा वर्गणीदार व्हायचे, नवी नोंद आपोआप घरपोच. डिसेंबर २००० मध्ये डेव्ह वायनर यांनी या यादीत ‘एन्क्लोजर’ नावाचा टॅग घातला. त्यात तीनच गोष्टी: फाइल कुठे आहे, किती बाइट्सची आहे, कोणत्या जातीची आहे. पाकिटासोबत पार्सल जोडावे तसे. २००३ च्या उन्हाळ्यात ख्रिस्तोफर लायडन यांनी हार्वर्डच्या बर्कमन सेंटरमधून मुलाखती अशा पाठवल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली यांनी लिहिता लिहिता ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द सुचवला. त्याच वर्षी ॲडम करी यांचा ‘डेली सोर्स कोड’ सुरू झाला. २८ जून २००५ ला ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले आणि दोन दिवसांत दहा लाख वर्गण्या नोंदल्या गेल्या.

आमच्याकडे मात्र गणित वेगळे होते. एकाच माणसाचे बोलणे ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये बसवले तर मिनिटाला ४८० केबी, म्हणजे वीस मिनिटांचे साडेनऊ एमबीच्या वर. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला २५६ केबीपीएस. त्यावर ही फाइल पाच मिनिटांत उतरे. पण ज्याच्या घरी अजून टेलिफोनच्या तारेवरचे ५६ केबीपीएसचे मोडेम होते त्याला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, तेवीस मिनिटे लागत. ऐकायला वीस, उतरवायला तेवीस! म्हणून मी बोलणे सहा मिनिटांत बसवायला शिकलो, आणि ही मर्यादा माझ्यावरचा उपकारच ठरली. त्यात पेटंटमुळे ऑडॅसिटीबरोबर एमपीथ्री बनवण्याची सोय येत नसे. लेम नावाची वेगळी फाइल उतरवून तिचा पत्ता सॉफ्टवेअरला दाखवावा लागे. या असल्या खटपटींवर पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे. ते वगळून पुढे जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

देवनागरीची खटपट याहून मोठी. हरियाणातल्या कचेऱ्यांत हिंदी टंकन कृतिदेव फाँटमध्ये होई, महाराष्ट्रात श्रीलिपीत. फाँट नसलेल्या संगणकावर तीच सूचना रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा राडा होऊन उमटे. युनिकोड आले, पण विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायची तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन संयुक्त लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कुलूपबंद कपाटात, किल्ली आयटी विभागाकडे. २००४ मध्ये मनोगत हे संकेतस्थळ आले, तिथे मराठी थेट लिहिता येई. बराहा, गमभन यांनी रोमन कळफलकावर मराठी उमटवून दिली. परगावी राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना आपल्या अक्षरांत आपले काही लिहिण्याचा जो आनंद तेव्हा झाला, तो शब्दांत सांगता येण्यासारखा नाही. पण कंपनीच्या आत इंग्रजीच राहिली. फलक इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत.

गुरुग्राममध्ये दोन शहरे आहेत हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सायबर सिटीच्या काचेच्या मनोऱ्यांपासून थोड्याच अंतरावर उद्योग विहार, तिथले कपडे शिवण्याचे कारखाने, आणि पलीकडे डूंडाहेडा, मोलाहेडा, कापसहेडा इथल्या एका खोलीत चार-पाच जण राहतात अशा चाळी. बिहारचे, उत्तर प्रदेशचे, नेपाळचे कामगार. त्यांच्यापर्यंत आमचा एकही ब्लॉग कधी पोचला नसता. त्यांच्यात पोचला तो रेडिओ. सरकारने नोव्हेंबर २००६ मध्ये सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये द रिस्टोरिंग फोर्स या संस्थेने १०७.८ एफएमवर ‘गुडगाव की आवाज’ सुरू केला. आरती जयमान त्याच्या प्रमुख. पन्नास वॉटचा ट्रान्समीटर, दहाएक किलोमीटरची पोच, बातम्या देण्यास मनाई. पण निवेदक तिथलेच: हरियाणवी गावांतली मुले-मुली, बाहेरून आलेले कामगार. हरियाणवी रागिणी लागे तशी भोजपुरी गाणी लागत. ऐकणारा फोन करी आणि त्याचे बोलणे हाच कार्यक्रम होई. मी पगारी संवादक, हाताशी महागडी साधने. आणि माझ्या धंद्याचे मर्म मला या केंद्राने शिकवले. तिथे प्रतिक्रिया ही खालची पेटी नव्हती, ती वर होती.

महाराष्ट्रात त्याच्या वर्षभर आधी, २००८ मध्ये, म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने माणदेशी तरंग वाहिनी सुरू केली होती. छोटे धंदे करणाऱ्या बायका तिथे माइकसमोर बसल्या. दिल्लीच्या आयआयटीतून २००९ मध्ये निघालेल्या ग्रामवाणीने सामुदायिक रेडिओंसाठी ग्रिन्स ही प्रणाली बनवली आणि २०१२ मध्ये झारखंडात मोबाइल वाणी उभी केली: एका नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र उलट फोन करते, ऐकायचे किंवा आपले म्हणणे रेकॉर्ड करायचे, खर्च शून्य. साक्षरता नको, इंटरनेट नको. दिल्लीच्या आसपासच्या औद्योगिक कामगारांसाठी त्यांचाच साझा मंच आहे. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद होऊन पगार अडकले, तेव्हा माणसे त्यावर आपापल्या खोल्यांतून बोलत होती. पॉडकास्टची व्याख्या जिथे एन्क्लोजरपाशी थांबते तिथून पुढे हे आहे, आणि मी त्याला पॉडकास्टच्याच घराण्यात धरतो.

‘गुडगाव की आवाज’चे पाहून मी २००९ च्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. मी होतो त्या कंपनीत रात्रपाळी संपली की मुलींना कॅबने घरी सोडत. सुरक्षेची परिपत्रके आम्ही तीन वर्षे काढत होतो. ती चालकांना वाचून दाखवण्याऐवजी मी चालकांनाच बोलायला सांगितले. अलवरचे, मेवातचे, रेवाडीचे चालक एकेक करून रिमांच्या खोलीत आले, लाजले, बोलले. सहा मिनिटांचा भाग करून तो पेन ड्राइव्हवर प्रत्येक गाडीत द्यायचा, असा बेत होता.

चौथा चालक वयस्क होता. मफलर न काढताच बसला. रात्रीचा रोस्टर, म्हणजे कोणाला कुठे सोडायचे ती यादी, इंग्रजीत छापून मिळते, हे त्याने सांगितले. त्याला इंग्रजी वाचता येत नाही. रोजच्या मुलींची घरे ओळखीची, त्यांचे अडत नाही. नवे नाव आले की तो इमारतीबाहेरच्या पानवाल्याकडे जातो आणि यादी वाचून घेतो.

“नाम-पता वो पढ़ देता है, साब, घर मैं ढूँढ लेता हूँ,” तो म्हणाला, आणि पुढच्या गोष्टीकडे वळला.

मी रेकॉर्डिंग थांबवले नाही, पण माझे हात गार पडले. रात्री एकट्या परतणाऱ्या मुलींची नावे आणि पत्ते दर आठवड्याला पानाच्या टपरीवर मोठ्याने वाचले जात होते. आमच्या एकाही परिपत्रकाला, एकाही ब्लॉगनोंदीला ते कळणे शक्य नव्हते, कारण ती सगळी वरून खाली जाणारी होती. त्या दिवशी संध्याकाळी मी तो तुकडा वाहतूक विभागाच्या प्रमुखांना हेडफोन लावून ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला. रोस्टर छापणारे सॉफ्टवेअर देवनागरी ओळखत नव्हते, म्हणून विभागातल्या एका मुलीने नावे आणि पत्ते हाताने हिंदीत लिहायला सुरुवात केली. चौथ्या रात्री पहिली हस्तलिखित यादी गाडीत गेली.

ती फाइल माझ्याकडे अजून आहे. तीन मिनिटे चाळीस सेकंदांची. दुसऱ्या मिनिटाला लाइट जाते आणि मागे जनरेटर सुरू होतो; चालक जरा थांबतो, आवाज चढवतो आणि बोलणे पुढे नेतो. घरघर मी काढलेली नाही.

गुरुग्राम